शॅम्पूच्या बाटलीवरची चांदणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २६, मूळच्या साताऱ्याच्या, जूनपासून नोकरीसाठी पुण्यात, हिंजवडीला पीजीत राहतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून केसांचे पुंजके हातात येताहेत. तीन शॅम्पू बदलून झाले, कांद्याचं तेल लावून झालं, बायोटिनच्या (हे ब गटातलं एक जीवनसत्त्व) गोळ्या महिनाभर चालू आहेत. पीजीत टँकरचं पाणी येतं, हे सगळं त्यानेच होतंय असं मैत्रिणींचं म्हणणं. 'डोक्याला तेलाचं बोट लावत नाहीस, मग काय होणार' हे आईचं म्हणणं. जाता जाता विचारलंय की भावाचं कपाळ हेल्मेटमुळे मोठं होतंय का. आणि अगदी शेवटी, 'बाकी तब्येत चांगली आहे. ऑगस्टअखेर डेंगी झाला होता तेवढंच.'

मी सोलापुरात चोवीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. एवढ्या वर्षांत एक सवय लागली आहे, पेशंट दाराशी जाऊन 'तेवढंच' म्हणून जे सांगतो ते नीट ऐकायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'तेवढंच'मध्ये आहे. पण ते तसंच सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधी एक काम करा.

उद्या सकाळी विंचरताना गळलेले केस टाकू नका. आठ-दहा केस एखाद्या गडद रंगाच्या फाइलवर किंवा ओढणीवर सुटे सुटे ठेवा आणि खिडकीच्या उजेडात त्यांची टोकं बघा. बहुतेक केसांच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही बारीक असा पांढरा ठिपका दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका पर्समधून कागदाची पुडी काढतात, टेबलावर उलगडतात आणि हाच ठिपका दाखवून म्हणतात, "डॉक्टर, मुळासकट येतायत हो." घाबरण्याचं खरं कारण तेच असतं. मूळच गेलं तर आता उगवणार काय?

तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. पिकलेलं पान गळतं तेव्हा देठाचं टोक कसं वाळून बंद झालेलं असतं, तसं ते त्या केसाचं बंद झालेलं टोक आहे. केस जिथून उगवतो तो कारखाना कातडीच्या आत जागच्या जागी असतो. ठिपका असलेला केस म्हणजे मुदत संपवून गेलेला केस. ठिपका नसेल, तुकडे कमी-जास्त लांबीचे असतील, टोकं खराट्यासारखी पिंजलेली असतील, तर तो केस गळलेला नाही, मधूनच तुटलेला आहे. आणि तिसरा प्रकार असा, की गळताना फारसे दिसत नाहीत, पण नवा येणारा प्रत्येक केस आधीच्यापेक्षा बारीक येतो आणि भांग हळूहळू रुंद होतो. गळणं, तुटणं आणि विरळ होणं, ही तीन वेगळी दुखणी आहेत. बाजारात मात्र तिघांना मिळून 'केसगळती' हा एकच शब्द चालतो. ज्याला जे विकायचं ते या एका शब्दाखाली विकता येतं.

आता ऑगस्टच्या डेंगीकडे येते.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो, मग साधारण तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. सोपा हिशेब करा. एका केसाचं आयुष्य हजार दिवसांचं धरलं तर एक लाखातले रोज शंभर जाणारच. म्हणून पन्नास ते शंभर केस रोज गळणं हा आजारच नाही. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईला त्या दिवशी तीन-चार दिवसांचे साठलेले एकदम दिसतात आणि मोरीची जाळी बघून तिच्या पोटात गोळा येतो.

एरवी हे केस आळीपाळीने सुट्टीवर जातात. शंभरातले दहा-बारा विश्रांतीत, बाकीचे कामावर. पण मोठा ताप आला, ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, किंवा कोणी दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचं म्हणून जेवण तोडलं, की शरीर खर्च आवरतं. केस ही त्याच्या लेखी चैनीची वस्तू. कामावरचे बरेच केस एकदम सुट्टीवर जातात, आणि सुट्टी तीन महिन्यांची. त्यामुळे त्या दिवसांत काहीच दिसत नाही. तापातून उठता, कामाला लागता, डेंगी विसरून जाता, आणि अडीच-तीन महिन्यांनी सगळे एका रांगेत गळायला लागतात. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, मोजून बघा. कोविडच्या दोन वर्षांत माझा अर्धा दवाखाना याच हिशेबावर चालला होता. एका आजींनी मला सांगितलं होतं, बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात. त्यांचा तीन महिन्यांचा हिशेब अगदी बरोबर होता. हसण्याचा दोष नव्हता, इतकंच.

म्हणजे तुमच्या हातात आज येणारा केस ही आजची बातमी नाही, तीन महिन्यांपूर्वीची आहे. आणि तुम्ही संशयित शोधताय आजच्या बाथरूममध्ये.

याचा एक गमतीदार परिणाम होतो. हे गळणं बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबतं. पण तेवढा वेळ गप्प कोण बसेल? माणूस पहिला शॅम्पू टाकतो, दुसरा आणतो, मग सिरम, मग कुणाच्या वहिनींनी सांगितलेलं तेल. चौथ्या-पाचव्या महिन्यात जे हातात असेल त्याचं नाव होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. 'मला याने खरंच फरक पडला' असं म्हणणाऱ्या लोकांना मी खोटं म्हणत नाही, फरक पडलेला असतोच. श्रेय मात्र चुकीच्या बाटलीला जातं.

आता ती बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला 'केसगळती कमी' असं मोठ्या अक्षरात, शेजारी नव्वदच्या पुढचा कुठलातरी आकडा, आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. त्या चांदणीचं उत्तर बाटलीच्या पाठीवर, मुंगीच्या अक्षरात असतं: 'तुटण्यामुळे होणारी केसगळती, कंडिशनर नसलेल्या शॅम्पूच्या तुलनेत.' म्हणजे साध्या शॅम्पूने धुऊन विंचरलं की जितके तुटतात त्यापेक्षा याने कमी तुटतात. खरंच तुटत असतील. कंडिशनरने केस निसरडे होतात, कंगवा अडकत नाही. पण तुमचे केस तुटत नाहीयेत, गळताहेत. ती बाटली तुमच्यासाठी नव्हतीच.

ही चांदणी कंपनीच्या प्रामाणिकपणाची खूण आहे असं समजू नका. आपल्या औषध नियमांत, १९४५ च्या, 'जे' नावाची अनुसूची आहे. ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधानेही करायचा नाही, त्यांची ती यादी. त्यात टक्कल आहे, अकाली पांढरे केस आहेत आणि नवे केस उगवणंही आहे. शॅम्पू तर औषधही नाही, ते सौंदर्यप्रसाधन. स्वच्छ करणं, छान दिसायला मदत करणं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे वकिलाला दाखवून घेतलेलं वाक्य बाटलीवर येतं आणि हलवलेल्या केसांचं चित्र जाहिरातीत. उरलेलं आपण मनाने जोडतो.

शॅम्पूतल्या सल्फेटचंही तसंच. सल्फेटमुळे फेस होतो, टाळू जास्त कोरडी होऊ शकते, रंग लावलेले केस लवकर फिके होतात. पण दोन मिनिटं डोक्यावर राहून वाहून जाणारा फेस मुळापर्यंत पोचून केस पाडत नाही. मला जास्त काळजी वाटते ती केस गळतात म्हणून न्हाणंच बंद करणाऱ्यांची. पंधरा-पंधरा दिवस धुवायचं नाही, वर तेल चोपडायचं. कोंडा ज्या बुरशीमुळे होतो तिला तेल फार आवडतं. मग खाज, मग खाजवणं, मग आणखी केस. कोंडा असेल तर केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा लावा, तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवा. लावला की धुतला असं केलं तर पैसे मोरीत जातात.

आईचं तेलाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. २००३ साली मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेल विकणाऱ्यांनीच केलेला, त्यामुळे मी तो जरा डोळे बारीक करूनच वाचला होता, पण प्रयोग सरळ होता. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल लावून केस धुतले आणि केसांतलं किती प्रथिन वाहून गेलं ते मोजलं. नुकसान कमी झालं ते फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रचनेचं, ते केसाच्या काडीत शिरतं. बाकीची वरवर राहतात. म्हणजे न्हाण्याआधी लांबीला खोबरेल लावणं ही आजीची पद्धत तुटणाऱ्या केसांसाठी उत्तम. मुळाला मात्र ते खाऊ घालत नाही. मुळाला खाणं रक्तातून येतं, वरून ओतलेलं तेल तिथे पोचत नाही. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून उकळलेल्या घरच्या तेलाला माझी ना नाही, सुगंध छान येतो आणि आईचा हात डोक्यावरून फिरतो. फक्त खसाखसा चोळू नका. सुट्टीवर गेलेले केस चोळण्याने दोन दिवस आधी येतात आणि 'तेल लावलं की जास्त गळतात' हा आणखी एक समज जन्माला येतो.

कांद्याची गोष्ट मजेदार आहे. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी ३८ रुग्णांवर कांद्याच्या रसाचा प्रयोग केला होता, आणि निकाल चांगले होते. पण ते रुग्ण चाईचे. चाई म्हणजे रुपयाएवढे गोल, गुळगुळीत चट्टे पडतात तो आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, आणि पुष्कळांचे केस काहीही न करता परतही येतात. त्या ताज्या रसावरून आजचं कांद्याचं तेल निघालं आणि सगळ्या प्रकारच्या गळतीला लागू झालं. तुमच्या बाटलीवरचे घटक वाचा. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहितात. कांदा कितव्या नंबरवर आहे ते बघा, आणि पहिल्या नंबरवर लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

बायोटिन मात्र आजच बंद करा. दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम, ती साध्या जेवणातून भागते. गोळीत असतात पाच ते दहा हजार मायक्रोग्रॅम. कमतरता इतकी दुर्मीळ की माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये मोजून दोन-तीन बघितल्या असतील. जास्तीचं लघवीवाटे जातं, मग बिघडतं काय? बिघडतो रिपोर्ट. गेल्या वर्षी एक मुलगी थायरॉइडचा कागद घेऊन आली. टीएसएच अगदी कमी, टी-फोर वाढलेलं, म्हणजे कागदावर थायरॉइड जोरात. समोर मात्र शांत बसलेली, नाडी बहात्तर, हात स्थिर, वजन जसंच्या तसं. तिला थायरॉइड दाबायची गोळी सुरू होणार होती. मी फक्त विचारलं, केसांसाठी काही घेतेस का? गोळी बंद करून आठवड्याने तपासलं, सगळं नॉर्मल. बऱ्याच यंत्रांमधल्या रक्तचाचण्यांची रचनाच बायोटिनच्या चिकटण्यावर बेतलेली असते, रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता, कारण हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणीही यात चुकू शकते. तुमची थायरॉइडची तपासणी व्हायला हवी, म्हणून आधी गोळ्या थांबवा.

आता टँकरचं पाणी. जड पाण्याने शॅम्पूचा फेस होत नाही, केस राठ होतात, गुंततात, विंचरताना तुटतात. तुटतात, गळत नाहीत. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, कंडिशनर लावा, संपलं. पुण्यात आल्यावर केस गेले असं सांगणाऱ्या मुलामुलींना मी पाण्याआधी मेसबद्दल विचारते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कँटीनचा राइस, रात्री मॅगी. त्यात प्रथिन कुठे आहे आणि लोह कुठे आहे?

पाण्यावर खापर फोडायची सवय किती खोल आहे ते आपल्या बुलढाण्यात दिसलं. डिसेंबर २०२४ च्या शेवटी शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक जायला लागले. आधी खाज, मग हात फिरवला की झुपके, आणि काहींचं तीन दिवसांत टक्कल. बातम्यांमध्ये 'टक्कल व्हायरस' असं नावही पडून गेलं. पहिला संशय पाण्यावर, नमुने गेले. शॅम्पूवर संशय, बुरशीवर संशय. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. आकडा वाढत अठरा गावं आणि २७९ माणसांपर्यंत गेला. मग विंचूदंशावरच्या कामासाठी अख्खा महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातलं धान्य तपासून घेतलं आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजावर. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम अनेक पटींनी वाढलेलं, झिंक मात्र खाली. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं विद्रूप होऊन गळल्याच्या बातम्या आल्या. आधी केस, मग नखं, ही सेलेनियमच्या विषबाधेची ठरलेली चाल. मी हे मुद्दाम लांबण लावून सांगतेय. तीन महिन्यांचा माझा हिशेब इथे लागू होत नाही, विषबाधेत आणि कॅन्सरच्या औषधांत वाढता केसच मोडतो, दिवसांत जातो. घरातल्या दोघा-चौघांचे केस एकदम जायला लागले तर शॅम्पू बदलत बसू नका, ताटात काय होतं ते विचारा.

आणि 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर बघा, सेलेनियम त्यातही असतं. ठरावीक मात्रेत ते गरजेचं आहे, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. २००८ साली अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये चुकून दोनशेपट सेलेनियम पडलं होतं. २०१ माणसांना त्रास झाला, आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळले.

भावाच्या कपाळाकडे वळते. हेल्मेटचा काही संबंध नाही. आत घाम आणि कोंडा साठतो, म्हणून आतून सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि शेंडीच्या जागी विरळ होत जाणं आणि मागची झालर शाबूत राहणं, हे हेल्मेटला जमणारं काम नाही. १९४२ मध्ये हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की वयात येण्याआधी ज्यांची वृषणं गेली त्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांना पुरुषी हार्मोन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना पडायला लागतं. हार्मोन आणि वारसा, दोन्ही लागतात. वारसा फक्त आजोळचा हेही अर्धसत्य आहे, आईकडून एक मोठा वाटा येतो, पण वडिलांचं डोकंही बघून घ्या.

त्याच्यासाठी खरी औषधं दोन, आणि दोन्ही मुळात दुसऱ्याच आजारांची. मिनॉक्सिडिल ही रक्तदाबाची गोळी होती. घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढायला लागली, तेव्हा कुणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला. डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत १९८८ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात, इथेच निम्मे लोक बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने, आणि सोडलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. फिनास्टेराइड प्रोस्टेटचं, १९९७ पासून एक मिलिग्रॅममध्ये टकलासाठी. कामेच्छा कमी होण्यासारखे त्रास थोड्यांना होतात, ते आधी मोकळेपणी बोलून मगच घ्यावं, मेडिकलमधून परस्पर आणू नये. गरोदर बाईसाठी ही दोन्ही औषधं नाहीत, आणि घरात ती असेल तर फिनास्टेराइडची फुटकी गोळी तिने हाताळूही नये. जावळ काढल्याने किंवा गोटा केल्याने केस दाट येतात म्हणून त्याने डोकं भादरलं, तर आठवडाभर खुंट राठ लागतील, बाकी काही नाही. वस्तरा कातडीच्या वर चालतो.

पार्लरमधल्या स्मूदनिंगबद्दल, म्हणजे केस रसायन लावून सरळ करण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. पुढचे सहा महिने नको. इस्त्रीबरोबर डोळे चुरचुरणारा धूर आला तर तो फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू असू शकतो. 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' म्हणून आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या क्रीमने मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्णही जगभरातून नोंदले गेले आहेत. घट्ट अंबाडा, घट्ट पोनीही सध्या सोडा. वर्षानुवर्षं ओढलेली कपाळावरची रेघ मागे सरकते ती पुढे येत नाही.

तुमच्यासाठी एवढंच. बायोटिन बंद करून आठवड्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) करून घ्या. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असतं, आपल्या मुलींमध्ये ते फार दिसतं. ताटात रोज अंडी किंवा मटकी-हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे. शॅम्पू तिन्हीपैकी कुठलाही, एकेक करून संपवा, नवा आणू नका. रुपयाएवढा गोल चट्टा दिसला, टाळू दुखायला किंवा पू यायला लागली, भांगाची रेघ रुंद होत गेली, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस आले, भुवया विरळ झाल्या, तर मात्र थांबू नका, पुण्यात चांगले त्वचारोगतज्ज्ञ आहेत.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीत, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढा. रोज केस मोजू नका. एप्रिलच्या सुमारास कपाळालगत आणि भांगाच्या कडेने बोटाच्या दोन पेरांएवढे केस ताठ उभे राहिलेले दिसतील, कितीही चापून बसवले तरी न बसणारे. अनेक जणी तेच केस दाखवून मला म्हणतात, "बघा ना, इथले सगळे तुटलेत." टोक बघा. तुटलेल्या केसाचं बोथट असतं, नव्याचं निमुळतं.